तलवारीशेजारची बॅट

मी आयुष्यात क्रिकेटचा एकच सामना खेळलो, आणि त्या दिवसाचा राग मला अजून येतो.

गोष्ट साठ सालानंतरची. बेंगळूरच्या चामराजपेटेत आम्ही राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून, वय बेचाळीस. (पोटाचं वय थोडं जास्त असावं.) त्या वर्षी एका निवृत्त खेळाडूनं दसऱ्याच्या सुट्टीत एक शिबिर काढलं. अट एवढीच, की वय पस्तिशीच्या पुढं हवं आणि लहानपणी खेळायचं राहून गेलेलं हवं. सहा दिवस शिकायचं आणि सातव्या दिवशी पांढरे कपडे घालून जुन्या, खऱ्या खेळाडूंविरुद्ध सामना. ह्या गुरुजींना सगळे कानडीत मेष्ट्रु म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला रायरे म्हणत, म्हणजे रावसाहेब.

माझं खेळायचं राहून गेलं नव्हतं, काढून घेतलं होतं. तेराव्या वर्षी शाळेच्या संघात माझं नाव लागलं, तेव्हा वडील म्हणाले, "तलवारीच्या घराण्यातला पोरगा फळकूट घेऊन नाचणार?" आणि शाळा सुटली की मला चिकपेटेत मामाच्या कापडदुकानात बसवायला लागले. तो राग मी एकोणतीस वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. आता मला एक धाव हवी होती. शंभर नकोत, फक्त एक, पण माझ्या नावावर लिहिलेली.

तलवारीचं म्हणाल, तर तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज ती कमरेला लावून इकडं आले. (असं आम्ही सांगतो. विचारायला येतंय कोण?) आता ती म्यानातून वर्षातून एकदा निघते, खंडेनवमीला, हळदकुंकू लावून घ्यायला.

मेष्ट्रु रोज सकाळी खेळाआधी एक धडा द्यायचे. "गेलेल्या चेंडूवर चिडू नका. तो परत येऊन तुमची माफी मागणार नाही," हा दुसऱ्या दिवशीचा. बोलताना ते सगळ्यांना सोडून माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे मी चिडलो. चौथ्या दिवशीचा धडा होता, "धावताना बॅट हातातून सुटली तर सुटू दे. थांबायचं नाही, वाकायचं नाही. आधी पोचायचं." हा मात्र मी वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

मैदानाला आमचं घर सगळ्यात जवळ. म्हणून बॅटी, पॅड, स्टंप, चेंडू असं सगळं सामान भरलेलं पोतं मी आपणहून घरी ठेवून घेतलं. इथंच माझी मती फिरली.

सामन्याच्या दिवशी सकाळी उत्साहाच्या भरात मी अंघोळ न करताच पांढरी पँट चढवली आणि पोतं उचलायला गेलो, तर ते रिकामं. देवघरात गेलो. पाटावर तलवार, तिच्या शेजारी माझी बॅट, मग बाकीच्या बॅटी, मग स्टंप, दोन्ही बाजूंना पॅड उभे आणि सगळ्यांवर झेंडूच्या माळा. समोर अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, निरांजनात तूप घालत होती. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडे राहते. खरं तर आम्ही तिच्याकडे राहतो.

"अक्का, हे काय मांडलंयस?"

"आयुधपूजा. आज नवमी नाही का?"

"ही आयुधं नाहीत, खेळाचं सामान आहे. साडेनऊला सामना आहे माझा."

"पूजेत मांडलेलं उद्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत. लहान आहेस का तू, हे सांगायला?"

"आणि चेंडूला पण कुंकू?"

"त्याला नाही लावलं. तो आधीच लाल आहे."

माझं डोकं फिरलं. "ही तलवार शंभर वर्षांत कोणाला लागली नाही, आणि तिला तू आयुध म्हणतेस?"

"तुझी बॅट तरी चेंडूला कुठं लागते?" अक्का म्हणाली. "आठवडाभर बघतेय अंगणात."

मग मात्र मी ओरडलो. देव-बिव मी काही मानत नाही, ही सगळी खुळं आहेत, ह्या घरानं एकदा माझा खेळ बुडवला आणि आज दुसऱ्यांदा बुडवतंय, असं सगळं मी शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बॅट उचलायला हात मात्र पुढं झाला नाही. (अंघोळ झाली नव्हती ना!)

दहाच्या सुमाराला मेष्ट्रु सामान शोधत घरी आले. त्यांनी बूट बाहेर काढले, आत येऊन पाटाला हात जोडले आणि म्हणाले, "अक्का, मांडणी फार सुंदर केलीत."

"मेष्ट्रु, तिकडं बावीस माणसं खोळंबलीत आणि तुम्ही मांडणी बघताय?"

"सातच आलीत, रायरे. बाकीच्यांच्या सायकली पूजेत आहेत. आपण उद्या खेळू."

"मग आजची तारीख ठरवली कुठल्या गाढवानं?"

मेष्ट्रु तलवारीकडे बघत म्हणाले, "तुम्हीच सुचवलीत. त्या दिवशी सुट्टी असते म्हणालात. सुट्टी कसली ते मी विचारलं नाही, माझंही चुकलंच."

अक्कानं त्यांना प्रसादाची कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर दिली. त्यांनी दोनदा मागून घेतली. मी रागानं काही खाल्लं नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही, ह्याचा राग वेगळा.

दशमीला सकाळी उत्तरपूजा झाली. अक्कानं माझी बॅट उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "बाबा फळकूट म्हणाले होते ना हिला? तेव्हा मी दाराआड उभी होते. म्हणून तलवारीच्या शेजारी मांडली." एकोणतीस वर्षांचा राग, आणि तो ठेवायला एकदम जागाच उरली नाही. फार अडचणीचं वाटलं मला.

सामन्यात मी सगळ्यांत शेवटी खेळायला गेलो. अक्का दसऱ्याला वाटायची बन्नीची, म्हणजे शमीची पानं पदरात घेऊन मैदानाच्या कडेला बसली होती. पहिले दोन चेंडू मला दिसले नाहीत. तिसरा बॅटला लागला. खरंच लागला, आणि गडगडत दूर गेला. समोरचा गडी, कारखान्यातला लेथवाला, ओरडला, "ओडी, रायरे, ओडी!" मी धावलो. निम्म्या वाटेत घामानं बॅट हातातून निसटली, आणि माझा पाय तिच्यावर पडला.

मी थांबलो. वाकलो. बॅटला हात लावला आणि तो दोन्ही डोळ्यांना लावला.

डोळे उघडले तेव्हा स्टंप पडलेले होते आणि समोरचे अकराही जण हसत होते. मेष्ट्रु सावकाश चालत आले. मला वाटलं, आता चौथ्या दिवशीचा धडा ऐकवणार. ते म्हणाले, "रायरे, काल तुमचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. देव मानत नाही म्हणालात."

"नाहीच मानत," मी म्हणालो. इतका संताप झाला होता, पण तो करायचा कोणावर? मैदानाच्या कडेला परत आलो, तर अक्काच्या पदरात बन्नीची पानं तशीच होती. ती एवढंच म्हणाली, "सरी केलंस, बरोबरच केलंस. पाय लागला होता."

माझ्या नावावर शून्य लिहिलं गेलं. तेव्हापासून दर नवमीला आमच्या देवघरात तलवारीच्या शेजारी ती बॅट असते, आणि दोघींत तीच जास्त पराक्रमी आहे, हे मला दर वर्षी मान्य करावं लागतं. तिनं निदान एका माणसाला तरी बाद केलंय.