यायाचा रस्ता

लिव माय सत्यवती, मी सांगतो थे. वरतं मोठ्या अक्षरात खातूनबीचं नाव लिव.

अकोल्याले आमच्या भिंतीले भिंत लागून तिचं घर. नवरा गुलाम नबी, पिंजारी. मी नवी सून होती तवा त्याची कापूस पिंजाची धनुकली दिवसभर वाजे. मंग कापसाले सोन्याचा भाव आला. समुद्रापल्याड कोनाची तरी लढाई लागली होती म्हनत. गाद्या भराले कोनी कापूस देईना, तं गुलाम नबीनं पिंजनं सोडून दलाली धरली. हातात पैसा आला तसा बायकोले म्हने, "चाल, हजले जाऊ."

तवा मक्केचे वकील गावोगाव फिरत, मानसं गोळा करून नेत. गुलाम नबीले थे नको होतं. "मी काय बकरी हाओ, कळपात जायाले? किताब घेतो, आपले आपन जाऊ." अक्षर दोघांलेबी येत नवतं. पन म्हने, वाचनारं कोनीबी भेटते.

मंग दोघं अमरावतीले गेले. तिथं मशिदीपाशी कुर्बानमियाँ किताबी घेऊन बसे. त्यानं तीन काढल्या. गुलाम नबीनं एकेक हातावर तोलून पाह्यली, कापूस पाह्याचा तशी. खातूनबी बैलाच्या बंडीत पडद्याआडून ऐकून राहिली. कुर्बानमियाँ वाचे, मुंबईले कुठं उतरायचं, जहाजावर पानी किती न्यायचं, उंटवाल्याशी बोली कशी करायची.

तिनं इचारलं, "भाईजान, वापस यायाचं कोनत्या किताबीत हाये?"

त्यानं पानं उलटली. पहिली मदिन्यात सरली. दुसरीबी. तिसरी तं मक्केतच सरली.

"बहेनजी, जो जाते थो तिथंच मौत मांगते. वापसीचं कोन लिवते?"

"आन मौत नाही आली तं?"

गुलाम नबी हासला. "पाहा, घरून निघाली नाही तं घराची याद करून राहिली. अवो, येतानी हेच मांगून पुढं वाचू, झालं." आन सगळ्यात जाड होती थे घेतली.

त्या साली तिथं पटकी आली. हज पुरा झाला आन गुलाम नबी गेला. त्याले पाह्यजे होती तशी मौत भेटली बाप्पा. खातूनबी मांगं राह्यली.

किताब छातीशी धरून निघाली. हैद्राबादचा एक मौलवी भेटला, त्याले म्हनलं उलटं वाच. त्यानं वाचलं. उंट भेटला, सराय भेटली, जेद्द्याचं बंदर भेटलं. पन एकट्या बाईनं जहाजावर कोनासंगं चढायचं, थे पुढूनबी नवतं न् मांगूनबी नवतं. तिथंच लोकाच्या गोधड्या शिवत राह्यली. लय दिवसांनी बऱ्हानपूरचं एक म्हातारं जोडपं भेटलं, त्यायनं बहीन म्हनून आनली.

इथं लढाई सरली होती, कापूस मातीमोल. दोघंबी मेले समजून दिरानं घर इकलं होतं. माह्या सासूनं, मनकर्णाबाईनं, तिले आमच्या ढोरायच्या कोठ्यात जागा देल्ली. लोक हज करून आलेली हाजन म्हनून तिचे हात डोळ्याले लावत आन आपापल्या घरी जात.

मंग बार्शीटाकळीची तिची लहानी बहीन आली, आयशाबी, नवऱ्याले घेऊन. "आपा, किताब दे. आमीबी जातो."

"इच्यात यायाचं नाही वो. वकिलासंगं जा."

आयशाबीचा नवरा हासला, गुलाम नबी हासला तसाच. "तुमी तं आल्या ना आपा?"

खातूनबी उठली. किताब आनून देल्ली.

मी मांगून म्हनलं, "कावून देल्ली वो?"

"नसती देल्ली तं बिना किताबीचे गेले असते."

मंग बाजाराच्या दिवशी बार्शीटाकळीचं कोनी दिसलं का थे इचारे, आमची आयशा आली का? पह्यले लोक थांबून सांगत, नाही आली. मांगून कोनी थांबेना. तरी मरस्तोवर इचारत राह्यली.

थे किताबबी वापस आली नाही माय.