गेरूची रेघ

नागीण बरी होऊन गेली तरी माझ्या बरगडीतली आग काही जात नव्हती. म्हणून देवपूरच्या एका डॉक्टरांकडे मी ॲक्युपंक्चर घ्यायला जायचो. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर शिंदखेड्याकडचे एक आबा होते, त्यांचंही दुखणं तेच. सुई टोचली की ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे.

डॉक्टर बाहेर गेले आणि माझं तोंड सुरू झालं. "आधी मी एका नागीण उतरवणाऱ्याच्या नादी लागलो, आबा. त्याने गेरू फासला, मंत्र म्हटला आणि औषधाचे दिवस वाया घालवले. एकजात लबाड! स्वतःच्या अंगाला लावतील का कधी?"

आबांनी पोटावरचं उपरणं हळूच बाजूला सारलं. कमरेभोवती गेरूची रेघ होती. नखांतही तोच तांबडा रंग.

"मी लोकेसले जो गेरू लावस, तोच मन्हा आंगले बी लायेल शे, भाऊ."

आवाजात राग नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखे ते छताकडे बघत राहिले.

मला तोंड लपवायचं होतं. पण अंगात सुया होत्या, आणि डॉक्टर येईपर्यंत कूससुद्धा बदलता येणार नव्हती.