अब्राहामची अळणी चिकन चिली

राहात्यात अब्राहाम साळवेची चायनीजची गाडी एकोणीस वर्षं लागते आहे. गाडीवर लाल रंगात ड्रॅगन काढलाय, तो सरड्यासारखा दिसतो; पण गिऱ्हाईक ड्रॅगन बघायला थोडंच येतं? ते अब्राहामचा हात बघायला येतं. भडकलेल्या जाळावर कढई, उजव्या हातात पळी, आणि पळीचं टोक सोयासॉस, चिली सॉस, मीठ, अजिनोमोटो असं डब्याडब्यातून टिपत फिरायचं. मोजमाप नाही, चाखणं तर नाहीच. “ज्याला चाखावं लागतं त्यानं गाडी लावू नये,” असा त्याचा तोरा. आणि खोटं कशाला बोला, त्याला तो शोभायचाही.

दोन वर्षांमागं त्याच्या बायकोच्या, दयाच्या, किडन्या गेल्या. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं त्याचा हा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं, मीठ चिमटीभर, लोणचं-पापड बंद, भाजी आधी उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. सुया दयानं सोसल्या, तहान सोसली. पण अळणी अन्न मात्र तिच्या घशाखाली उतरेना. दोन घास खायची आणि ताट सरकवून द्यायची. उन्हाळा सरेपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

दवाखान्यात पथ्याचं बघणाऱ्या सुकन्या मॅडम वयानं अब्राहामच्या लेकीएवढ्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. “काका, डायलिसिसमध्ये अंगातलं प्रोटीन निघून जातं. अंड्याचा पांढरा बलक, चिकन, काहीतरी रोज पोटात गेलंच पाहिजे. या अशाच खंगत गेल्या तर मशीनवर घ्यायचीसुद्धा पंचाईत होईल.”

“ती खातच न्हाई, तर मी काय करू?”

“तुम्ही आचारी ना? मग मला काय विचारता?”

अब्राहामला ते झोंबलं. घरी येऊन त्यानं दयाला विचारलं, काय खावंसं वाटतं. तिनं उशीवरून मान वळवली. “चिकन चिली,” ती म्हणाली, आणि आपणच हसली. देणार नाही हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती केली. सोयासॉस नाही, अजिनोमोटो नाही, मीठ नाही. बाकी सगळं गाडीसारखंच, तोच हात, तोच जाळ. दयानं एक तुकडा तोंडात घातला, चावला, आणि हळूच रुमालात काढून ठेवला. “लई कष्ट घेतले तुमी,” एवढंच म्हणाली. अहो, शिवी दिली असती तरी परवडलं असतं!

पुढच्या डायलिसिसला त्यानं सुकन्या मॅडमना झालं ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “तुम्हाला कसं लागलं?”

“मी कुठं चाखलं? गाडीवाला चाखत न्हाई.”

“मग कसं जमणार? तुमच्या हाताला खारटाची सवय आहे. ते काढून घेतलं की हाताला मागं काय उरलं तेच कळत नाही. बीपी तुमचंही काठावर आहेच. तीन-चार आठवडे मीठ अगदी कमी करा आणि काकूंबरोबर खा. जिभेला चव परत येते.”

अब्राहामनं मनावर घेतलं. पहिला आठवडा म्हणजे निव्वळ शिक्षा. भाकरी भुश्यासारखी लागायची, वरण म्हणजे गरम पाणी. त्याला आपल्या बायकोचं दुःख तेव्हा कळलं, आणि आधी कळलं नाही याची लाजही वाटली. चौथ्या रविवारी चर्चहून आल्यावर त्यानं नुसता उकडलेला कोबी तोंडात टाकला, आणि तो चक्क गोड लागला! कोबीला चव असते हे त्या माणसाला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मग तो खऱ्या अर्थानं स्वयंपाकाला बसला. चिकनचा छातीचा भाग घेतला, बारीक तुकडे केले, लिंबू आणि भरपूर ठेचलेला लसूण लावून तासभर ठेवले. सुकी मिरची भाजून भिजत घातली, बिया काढून वाटली. कोबी आणि ढोबळी मिरची उकडून पाणी ओतून दिलं. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवली, दोनच चमचे तेल घातलं, तुकडे कडेनं तांबूस होईतो हलवले नाहीत. वरून आलं, किंचित साखर, व्हिनेगरचा शिपका, आणि अंगाला धरण्यापुरतं कॉर्नफ्लॉवर. आणि प्रत्येक पायरीला चाखलं. सहा दिवस चुकलं. सातव्या दिवशी दयानं अकरा तुकडे खाल्ले. तो मोजत होता. बाराव्याला ती म्हणाली, “आता डोळे वटारून बघू नका, संध्याकाळला ठेवा.” अब्राहाम मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत उभा राहिला. रडत होता, दुसरं काय.

महिनाभरात दयाचं अंग जरा भरलं. लेक प्रार्थना शेवगावहून आली, तिनं आईला चुलीशी बसून लसूण सोलताना पाहिलं आणि दारातच थबकली. सगळं मार्गी लागलं असं वाटायला लागलं होतं.

आणि एका संध्याकाळी सहादेव नावाचं जुनं गिऱ्हाईक, टेम्पोवाला, गाडीवर कुरकुरला. “आब्रामभाऊ, आज चिली फिकी वाटती.”

“फिकी?” म्हणत अब्राहामनं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या कढईतली चिली जिभेवर ठेवली.

जीभ भाजल्यासारखी झाली. त्यानं थुंकून टाकलं. खारट! नुसतं खारट! आणि गिऱ्हाईक तिला फिकी म्हणत होतं.

त्याच्या हातातली पळी तशीच राहिली. गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा खातं. दया रोज खायची. रोज कढईत उरलेलं तो डब्यात घालून घरी न्यायचा, ‘माझ्या बायकोला माझ्या हातचं लई आवडतं’ असं अभिमानानं सांगत न्यायचा. ती आजारी पडेपर्यंत, सतरा वर्षं. त्यानं त्याच क्षणी जाळ बंद केला, सहादेवचे पैसे परत दिले आणि गाडीवर ताडपत्री टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दयाचं ताट वाढलं, आपलं वाढलं, आणि ताटासमोर बसूनच सगळं बोलून टाकलं. “तुला मीच आजारी पाडलं. डबा भरून भरून.”

दयानं पदरानं ताटाची कड पुसली. मग म्हणाली, “बीपीची पहिली गोळी दिली तवाच डॉक्टर बोलला हुता. मीठ कमी करा, बाहेरचं बंद करा.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“कसं सांगू? दिवसभर हुभं राहून यायचा तुमी. डबा उघडायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायचा. तेवढ्यासाठीच तर जागी राहायचे मी.”

“मग मरायचं हुतं का तुला?” अब्राहाम ओरडलाच. लग्नाला तीस वर्षं झाली, इतक्या मोठ्यानं तो तिच्यावर कधी बोलला नव्हता. “एक शब्द बोलली असतीस तर मी गाडी पेटवून दिली असती!”

“म्हनूनच न्हाई बोलले,” दया म्हणाली. “आन् डॉक्टर म्हनतात, कारन एकच नसतं. तुमीच सगळं अंगावर घेऊ नका. जीभ माझी हुती.”

 अब्राहामच्या मनात रागही होता, लाजही होती, आणि दोन्ही एकाच बाईपायी.

साळवेंच्या घरात जेवणाआधी प्रार्थना होते. ती अब्राहाम करतो, आणि सगळे आमेन म्हणेपर्यंत कुणी घास उचलत नाही. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले, पण शब्द फुटेना. तेव्हा दयानंच सुरुवात केली. “हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. ज्या हातांनी ते रांधलं त्या हातांबद्दल आभार. आजच्याबद्दल, आन् मागच्या सगळ्या वर्षांच्या घासांबद्दल बी. आमेन.”

अब्राहामचे ओठ हलले नाहीत. कसलं आमेन म्हणायचं? ज्या घासांनी तिच्या रक्तात विष कालवलं त्यांच्याबद्दल आभार मानायचे? त्याचा जीव म्हणत होता, हे मला मान्य नाही, हे देवालाही मान्य नसेल.

दया हात जोडून बसली होती. ताटातली वाफ विरत चालली. डायलिसिसचा दिवस होता, तीनला दवाखान्याची गाडी येणार होती, आणि ती रिकाम्या पोटी मशीनवर गेली असती.

तो आमेन म्हणाल्याशिवाय ती जेवणार नव्हती. म्हणून तो आमेन म्हणाला.