कॉलरवरचे नवरदेव

चहा घ्या आधी, निवतोय. आणि हसायचं तर मोकळेपणाने हसा. आमच्या घरात या गोष्टीवर अजून हसतात, मी जेवायला बसलो की जरा जास्तच. मी माझं लग्न स्वतःच्या हाताने मोडलं. हाताने कसलं, दोन बोटांनी!

वय एक्केचाळीस. अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. कुळगावात भावाबरोबर सामाईक घर आणि मागे उरलीसुरली वाडी. लग्नाच्या बाजारात याला काय भाव येणार? मुलीकडचे विचारतात, फ्लॅट कुठे आहे? आम्ही म्हणतो, वाडी आहे. मग ते पावसापाण्याचं बोलायला लागतात, की समजायचं, निघा.

अशात वहिनीने अंबरनाथच्या सुवर्णाचं स्थळ आणलं. पस्तिशीची, दवाखान्यात नर्स. वहिनीने आधीच बजावलं, "भावजी, हे शेवटचं. यापुढे मी कोणाच्या दारात जायची नाय." फोटो पाहिला आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हिने हो म्हणावं. बाकी कोणी नाही म्हटलं तरी चालेल, हिने हो म्हणावं.

आता तुम्हाला वाडीतल्या सापळ्यांचं सांगायला हवं. पेरूला फळमाशी लागते, फळात अंडी घालते आणि आत अळ्या होतात, म्हणून मी झाडाला सापळे टांगतो. त्यांना कामगंध सापळे म्हणतात. दात काढू नका, पुस्तकातच तसं लिहिलंय! बाटलीत एका औषधाचे थेंब टाकले की त्या वासाने नर धावत येतात आणि आत अडकतात. का येतात? तर ज्या नराने ते चाटलं त्याच्या अंगाला सुगंध येतो आणि माद्या त्यालाच पसंत करतात. पिढ्यान्पिढ्या माद्यांनी वासाचेच नर निवडले, त्यामुळे पुढचे सगळे नर त्या वासापायी वेडे निघाले. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम त्यांच्यातही आहे, फक्त फ्लॅटचं कोणी विचारत नाही.

तर निघायच्या वेळी माझं अत्तर संपलेलं. समोर त्या औषधाची बाटली. वास मंद, लवंगेसारखा, जरा गोडसर. मी म्हटलं, माश्या वाडीत असतात, लोकांच्या दिवाणखान्यात कशाला येतील? कॉलरवर दोन बोटं फिरवली आणि आरशात बघून खूशही झालो. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय!

ऑक्टोबरचं ऊन. घरात उकडतंय म्हणून सुवर्णाच्या वडिलांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. कुठे? पिकल्या पेरूच्या झाडाखाली.

पोहे येईपर्यंत कॉलरवर एक माशी बसली. मी हाकलली. मग तिचे भाऊबंद आले. चहा येईपर्यंत माझ्या मानेभोवती हार घातल्यासारखी रांग लागली होती. तिचे वडील बोलताबोलता थांबले आणि हळूच म्हणाले, "पाहुणे, राग मानू नका. शुगर आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनीने सांगून टाकलं, की आमच्या घराण्यात कोणालाच शुगर नाय.

"पण यांचे वडील शुगरनेच गेले असं मध्यस्थ म्हणत होते," ते म्हणाले.

झालं! आजारी तर ठरलोच, वर खोटारडेही. वहिनी पदराशी चाळा करत बसली. आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता, आणि मला खरं थोडक्यात सांगता येत नाही. मी उठून उभा राहिलो आणि सापळा, औषध, वास, माद्यांची पसंती, सगळं प्रवचन दिलं. शेवटी कॉलरकडे बोट दाखवून म्हटलं, हे सगळे नर आहेत.

सुवर्णा बशा गोळा करत होती. तिने विचारलं, "आणि माद्या?"

"एकही येत नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

ती हसली असती ना, तरी चाललं असतं.

रिक्षात वहिनी माझ्यापासून लांब सरकून बसली. पुढे बरेच दिवस काही निरोप नाही. आणि एका सकाळी सुवर्णाच्या वडिलांचा फोन! मी आधी केस नीट केले, मग उचलला. ते म्हणाले, मुलीचं जमलं, मुलाचा बदलापुरात फ्लॅट आहे. आणि जाता जाता, पेरूला यंदा भयंकर अळी लागलीय, तुमचं ते औषध मिळेल का?

मी नेऊन दिलं. झाडावर चढून सापळाही बांधून दिला. सुवर्णाने खालून दोरी वर दिली, भली मुलगी आहे. वडिलांनी एक पेरू चिरून दाखवला, आत नुसती वळवळ. मी बघतच राहिलो. माझी कॉलर चाटून जे नर उडाले, त्यांना माद्यांनी पसंत केलं होतं, आणि ही त्यांची पोरं.

म्हणजे सुवर्णाच्या अंगणात माझ्यामुळे लेकराबाळांची दाटी झाली. त्यातलं माझं एकही नाही.