सतरा नंबरची चढण

नंबरकाकांच्या चष्म्याच्या दुकानात खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाई, "हे बरं, की हे?" काका एक भिंग घालत, काढत, दुसरं घालत आणि विचारत. गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "दोन्ही सारखंच दिसतंय हो," तर काका पहिलं भिंग परत घालत आणि शांतपणे म्हणत, "सारखं काही नसतं. नीट बघा." तेहतीस वर्षं हा प्रश्न विचारून त्यांचा स्वभावच तसा होऊन बसला होता. केस कापायला गेले की न्हाव्यालाही ते डाव्या कल्ल्याची उजव्याशी तुलना करायला लावत. न्हावी त्यांचा मान ठेवून दोन्ही थोडे थोडे कापत राही आणि शेवटी कल्लेच उरत नसत.

अशा माणसाला एखादं गाणं आवडलं की पुढे काय होणार हे उघड होतं. काकांच्या आवडत्या रॉक बँडचं एक अकरा मिनिटांचं गाणं होतं. काकांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिला गावभर बाई म्हणत, आणि घरातही तीच पद्धत पडली होती. बाई त्या गाण्याला 'ते लांबडं' म्हणत. बँडनं ते प्रत्येक कार्यक्रमात वाजवलं होतं, आणि वेगवेगळ्या कार्यक्रमांत श्रोत्यांनी चोरूनमारून भरून घेतलेल्या त्याच्या एक्केचाळीस टेपा काकांकडे होत्या. बाहेरच्या माणसाला हे एकच गाणं एक्केचाळीस वेळा वाटे. काकांच्या लेखी ती एक्केचाळीस गाणी होती आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

दुकानामागच्या खोलीत दोन टेपरेकॉर्डर होते आणि मध्ये एक खटका. कानाला हेडफोन लावून काका खटका इकडून तिकडे करत, आणि स्वतःलाच विचारत, हे बरं, की हे? निकाल वहीत लिहिला जाई. "क्र. ८: ड्रमवाला झोपेत." "क्र. १२: गिटार उत्तम, प्रेक्षक नालायक." "क्र. २६: प्रेक्षक उत्तम. बँड आला नसता तरी चाललं असतं."

पहिला नंबर मात्र तीस वर्षांत एकदाही बदलला नव्हता. तो सतराव्या टेपेचा होता, आणि ती टेप खुद्द काकांनी भरलेली होती.

बँड तेव्हा गावात आला होता. रेल्वे फाटकाजवळच्या मैदानात कार्यक्रम होता. काका, तेव्हा लग्न न झालेल्या बाई आणि सोबतीला म्हणून घरच्यांनी पाठवलेला बाईंचा धाकटा भाऊ, असे तिघं गेले होते. टेपरेकॉर्डर बाईंच्या पिशवीत, स्वेटरखाली. त्या संध्याकाळी लांबड्यात असं काही घडलं होतं जे उरलेल्या चाळीस टेपांत कुठेही नव्हतं. गाणं नेहमीसारखं सुरू होई आणि मग कुणाच्या नकळत चढू लागे. वेग वाढे, सूर वर सरके. शेवटच्या मिनिटाला तर चौघं जण डोंगराच्या माथ्यावरून हाका मारत असल्यासारखे वाजत. काकांनी याला नाव दिलं होतं 'चढण'.

"चार माणसं," काका सांगत, "एकमेकांकडे न बघता, एका वेगानं, एका सुरानं वर जातात. जगात कुणाला जमलं नाही हे."

"भाऊजी, वाजवता वाजवता गिटारच्या तारा कोण पिळतं?" मेहुणा विचारी. तो आता लिफ्ट दुरुस्त करायचं काम करत होता.

"त्यालाच प्रतिभा म्हणतात."

"आमची लिफ्ट आपोआप वर जायला लागली की आम्ही त्याला बिघाड म्हणतो."

हा संवाद तीस वर्षं चालला होता, आणि मेहुणा दर वेळी इथेच थांबे. त्याच्याकडे अजून काहीतरी बोलण्यासारखं आहे असं वाटे, पण तो बाईंकडे बघे आणि चहाचा कप उचले.

बँडच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. सभासद तेवीस. काकांनी मंडळाच्या पत्रकात चढणीवर नऊ पानी लेख लिहिला होता. मंडळाचे अध्यक्ष हाडांचे डॉक्टर होते. ते म्हणत की माणसानं हात मोडून घ्यावा, प्लास्टरात पडून राहावं आणि हा लेख वाचावा. आता त्या कार्यक्रमाला तीस वर्षं होत होती. वाचनालयाच्या वरच्या दालनात रविवारी दुपारी मंडळाची खास बैठक ठरली. विषय एकच, चढण. वक्ते अर्थातच काका.

काकांची मुलगी बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओत कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, सतरा नंबर द्या. खरखर काढून देते. लोकांना नीट ऐकू येईल."

तिनं खरखर काढून दोन कॅसेटा भरून दिल्या, आणि तिथेच घोळ झाला.

सोमवारी दुकान बंद करून काका मागच्या खोलीत ऐकायला बसले. आवाज असा स्वच्छ झाला होता की कुणीतरी तीस वर्षांची काच पुसली असावी. गाण्याच्या सुरुवातीला रेल्वे फाटकाची घंटा होती, ती त्यांना पाठ होती. पण शेवटाकडे, इतकी वर्षं खरखरीखाली दबलेली, आणखी एक घंटा निघाली. दुसरी गाडी आली असणार. काकांना आनंद झाला. नवा तपशील! त्यांनी सवयीनं एक घंटा या टेपरेकॉर्डरवर लावली, दुसरी त्या, आणि खटका मारला.

हे, की हे?

दुसरी घंटा वरच्या सुरात होती.

त्यांनी पुन्हा खटका मारला. पुन्हा. सतरा वेळा मारला असेल. चौघं वादक प्रतिभेच्या जोरावर वर चढले असतील, त्याला काकांची हरकत नव्हती. पण रेल्वेच्या घंटेला प्रतिभा असते असं नऊ पानी लेखातही कुठे म्हटलेलं नव्हतं.

अर्थ सरळ होता. टेपरेकॉर्डरचे सेल मरत चालले होते. सेल मरतात तसं चाक मंदावतं. मंद चाकावर भरलेला आवाज पुढे नेहमीच्या वेगानं वाजवला की पळतो आणि चिरका होतो. बँड चढला नव्हता. सेल उतरले होते.

जेवताना काकांनी ही बातमी घरात सांगितली. "आणि मी तर कोरे करकरीत सेल आणले होते. तुझ्याच हातात दिले होते घालायला. कंपनीच बोगस निघाली म्हणायची."

"असेल," बाई म्हणाल्या आणि धुतलेलंच पातेलं परत धुवायला घेतलं.

"आता रविवारी सगळ्यांसमोर सांगावं लागणार."

"सांगायलाच हवं का पण?"

काकांनी चमकून वर पाहिलं. उत्तरपत्रिकेत एक नदी चुकीच्या समुद्राला मिळाली तर अख्खा प्रश्न कापणाऱ्या बाई हे म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मेहुणा दुकानात आला, तोही तेच घेऊन. "भाऊजी, राहू द्या ना. लोकांचा आनंद कशाला घालवता? मला तर आताशा ती चढण आवडायला लागलीय."

"तीस वर्षं बिघाड म्हणत होतास!"

"माणूस सुधारू शकतो की नाही?"

काका त्या आठवड्यात नीट झोपले नाहीत. मंडळातली इभ्रत होतीच, पण खरं दुखणं वेगळं होतं. ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर संध्याकाळ होती. शेजारी बाई होत्या, आठवडाभरात होकार मिळाला होता, आणि समोर जगात कुणाला न जमलेलं काहीतरी घडत होतं. आता त्यातलं एक काढून घेतलं की बाकीचंही जरा बेताचंच होतं की काय, अशी शंका त्यांना खाऊ लागली.

गुरुवारी एक आजोबा चष्मा घेऊन आले. चुकून दुसऱ्याचा चष्मा त्यांच्याकडे आला होता आणि तो त्यांना फार आवडला होता. "सगळं कसं धुक्यातल्यासारखं गोड दिसतं हो. सूनसुद्धा." काकांनी तो काढून घेतला आणि त्यांचा त्यांना दिला. आजोबा हिरमुसले, पण दाराची पायरी न अडखळता उतरले. काकांनी मुलीला फोन केला, "घंटेचा सूर धरून सगळा वेग सरळ करून दे. दोन्ही वाजवू."

रविवारी दालनात तेवीसच्या तेवीस सभासद हजर होते. एक सभासद सासूला घेऊन आल्या होत्या, म्हणून चोवीस. मागच्या रांगेत बाई आणि मेहुणा शेजारी शेजारी बसले होते, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसवलेल्या पोरांसारखे.

काकांनी आधी जुनी चढण वाजवली. अध्यक्षांनी डोळे मिटले. मग काकांनी पहिली घंटा ऐकवली, दुसरी ऐकवली आणि विचारलं, "सारखं वाटतंय का?"

सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "दुसरी चिरकी आहे."

"सेल," काका म्हणाले. "मंडळी, सेल उतरले होते. चढण वगैरे काही नव्हतं. नऊ पानं मी मागे घेतो."

अध्यक्षांनी डोळे उघडले, एक्स-रेमध्ये नको ते दिसल्यासारखे. "मी तो लेख तीन पेशंटांना वाचायला दिलाय हो," ते पुटपुटले.

"त्यांचे हात जुळले ना?"

"जुळले."

"मग झालं तर. आता खरं कसं वाजवलं होतं ते ऐका."

मुलीनं लॅपटॉपवर सरळ केलेलं गाणं लावलं. चार माणसं नेकीनं, घाम गाळून, मैदानातल्या लोकांसाठी एक लांबलचक गाणं वाजवत होती. ड्रमवाला शेवटी थकलाही होता. मग टाळ्या आल्या.

जुन्या टेपेवर या टाळ्यांत एक चिवचिवाट होता, दोन चिमण्या भांडत असल्यासारखा. काकांनी वहीत "शेवटी पक्षी" एवढीच नोंद केली होती आणि फाटकाजवळच्या झाडाला जबाबदार धरलं होतं. तिथे आलं की ते नेहमी टेप बंद करत. आजही त्यांनी मुलीला हातानं खूण केली. मुलीला बंद करायचं बटण काही केल्या सापडेना.

आणि सरळ झालेल्या वेगात चिमण्या बोलू लागल्या.

"ताई, तो लाल दिवा विझत चाललाय बघ," एक कोवळा आवाज म्हणाला.

"विझणारच. सेल जुने आहेत," दुसरा आवाज म्हणाला. हा आवाज काकांनी तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ ऐकला होता, फक्त इतका ताजा नाही. "नवे बाबांच्या टॉर्चमध्ये घातलेत. टॉर्च बंद असता तर बाबांनी यायलाच दिलं नसतं."

"सांगू त्याला?"

"गप्प. महिनाभर माझी सायकल घे, पण नको सांगूस रे त्याला. बघ ना, किती खूश आहे तो."

खट्. टेप तिथेच संपली होती.

दालनातल्या सगळ्या माना एकदम मागच्या रांगेकडे वळल्या. बाईंनी पर्स उघडून तिच्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. मेहुणा उभा राहिला आणि अध्यक्षांकडे बघून म्हणाला, "साहेब, सायकल अकराच दिवस मिळाली होती. बाकीचे एकोणीस अजून येणं आहेत. तरी तीस वर्षं शब्द पाळला."

हसण्याचा असा लोंढा उठला की खालच्या वाचनालयातून कुणीतरी जिना चढून बघायला आलं. "पुन्हा! पुन्हा!" सासूबाई ओरडल्या. मंडळाच्या इतिहासात गाणं संपल्यानंतरच्या भागाला 'पुन्हा' पहिल्यांदाच मिळत होता.

काका माईकपाशी तसेच उभे होते. चष्मा काढून हातात धरला होता. "तू मला 'तो' म्हणायचीस?" त्यांनी माईकवरूनच विचारलं.

"मग काय म्हणणार? लग्न कुठे झालं होतं!" बाई मागून कडाडल्या, वर्गात कडाडतात तशा, पण कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

तेवढा तुकडा तीनदा वाजवला गेला. अध्यक्षांनी आभार मानताना सुचवलं की लेख मागे घेऊ नये, दहावं पान जोडावं.

सोमवारी दुकान बंद झाल्यावर काका मागच्या खोलीत बसले. वही उघडून त्यांनी सतरा नंबर पहिल्यावरून एकतिसाव्यावर नेला. वाजवलं होतंच तसं. मग पान उलटून त्यांनी '१७-अ' लिहिलं आणि ते शेवटचे काही क्षण हेडफोनवर पुन्हा लावले. पुन्हा. पुन्हा. शेऱ्याची जागा काही भरेना. तुलना करायला दुसरं होतंच कुठे?

हेडफोन काढला तेव्हा बाहेरून बाईंचा आवाज आला. त्या काकांना न्यायला आल्या होत्या आणि काउंटरपाशी उभ्या राहून भावाशी फोनवर बोलत होत्या. "नाही रे, रागवायचं सोड. कालपासून तेवढंच लावून बसलेत. काय सांगू तुला, इतके खूश आहेत ना..."

काका ताडकन उठले. कोरी कॅसेट शोधली, टेपरेकॉर्डर उचलला, सेलचं झाकण उघडून आत दोनदा बघितलं आणि दारात येऊन उभे राहिले.

"अगं, आता जे म्हणालीस ते परत एकदा म्हण."

"काही नाही म्हणाले मी. चला, कामं पडलीत घरी."

"एकदाच. तुलनेसाठी हवंय."

"ए, ऐकतोयस ना?" बाई फोनमध्ये म्हणाल्या. "आता यांना दुसरं हवंय."

पलीकडून मेहुणा काहीतरी म्हणाला. बाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा केव्हाचा लागलेला आहे. चांगला लखलखीत.