न सांगता काढलेली डिस्क

वडील पांडेसऱ्याच्या रंगाई मिलमध्ये कामाला होते. पाळीला निघताना दारात थांबून ते म्हणायचे, "येस बरं." स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "या." आमच्या खानदेशी घरात उंबऱ्यावर 'जातो' म्हणणं चालत नाही. निघणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं, अहिराणीत 'येस'. आम्ही भावंडं सुरतेत वाढलेली. "चलो" म्हणून सटकायचो आणि जिन्यापर्यंत आईची बोलणी खायचो. ती बोलणी आता फार आठवतात.

भावाचा पहिला चांगला मोबाइल आला त्या दिवशी त्यानं वडिलांचं हे निघणंच टिपलं. वडील एकाएकी गेले, तेव्हा लक्षात आलं की त्यांचा आवाज असलेला व्हिडिओ तेवढा एकच.

पुढे भाऊ कडोदऱ्याला राहायला निघाला. घरचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढायचा, म्हणून त्यानं त्या व्हिडिओसकट सगळं हार्ड डिस्कवर हलवायला घेतलं. कॉपी नाही, कट. भाऊ म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हिरवी पट्टी भरली न भरली तोच यानं वायर उपटली. पडद्यावर सांगून, परवानगी मिळाल्यावर डिस्क काढायची, हे त्याला नखरे वाटतात. पट्टी भरली तरी शेवटचा भाग डिस्कवर उतरायचा राहिलेला असू शकतो, हे आम्हाला नंतर दुरुस्तीच्या दुकानात कळलं. व्हिडिओ उघडेना. मी त्याला नको नको ते बोलले. आईनं एवढंच विचारलं, "तिले न सांगता काढी टाकी का रे?"

पर्वत पाटिया भागातल्या त्या दुकानदारानं बरीच खटपट करून व्हिडिओ चालता केला, पण शेपूट गेलं ते गेलंच. आम्ही तिघं पाहायला बसलो. वडील चपला सापडत नाहीत म्हणून कुरकुरतात. डबा उचलतात. त्यांची बोटं नेहमीसारखी निळी. दारात वळून बघतात, तोंड उघडतात, आणि चित्र तिथंच थिजतं.

भाऊ रडायलाच लागला. आता त्या व्हिडिओच्या आम्ही चार प्रती करून ठेवल्यात, पण चारही तिथंच थांबणार.

आई त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत होती. मग रोजच्या आवाजात, हातातलं काम चालू असल्यासारखी, म्हणाली, "या."