स्नान म्हटलं म्हणून

डोळे पांढरे केले पोरीनं, ओठ निळे पडले, मूठ आवळली ती उघडेचना. दूध पिता पिता मांडीवरच आकडी आली तिला. नवरा एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसात, शेजारच्या खोलीला कुलूप, मी ओरडले तेही मराठीत, या मद्रासमध्ये कोण धावणार? आणि डोक्यात एकच, हिचा बाप्तिस्मा झाला नाही, झाला नाही. भाऊजींनीच अडवून ठेवलेला. थोरले दीर माझे, गिंडीला कारखान्यात आहेत, आमच्या मराठी प्रार्थनेत पवित्र शास्त्र तेच वाचतात. म्हणाले होते, गावच्या चर्चचे पाळक येतील तेव्हा मराठीतच करू, घाई काय आहे?

घाई काय आहे!

मग मीच तांब्या उचलला. लेकराचा जीव चाललाय आणि पाळक नाही, तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा, एवढं आईनं सांगितलेलं मला. पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला..." आणि डोक्यात घोळत होता तोच शब्द ऐनवेळी येईना. लग्न झाल्यापासून इथल्या तमिळ चर्चमध्ये जाते, तिथे बाप्तिस्म्याला ज्ञानस्नान म्हणतात, तेच कानात बसलेलं. तोंडातून गेलं, "स्नान घालते."

पोर रडली. श्वास आला तिला. तिला घेऊन तशीच खाली बसले.

संध्याकाळी भाऊजी आले, सगळं ऐकलं, आणि हसले. हसले! "स्नान? अहो बाई, स्नान आपल्याकडे कुणी मेलं की करतात. पोरीला अंघोळ घातलीत तुम्ही, बाप्तिस्मा कुठला?"

नवरा भावासाठी पाणी आणायला गेला. भावापुढे तो कायम असाच.

मी पोरीला उचललं नि चर्चच्या पाळकांकडे गेले. पाळकालाच अय्यर म्हणतात इकडे. माझं तमिळ मोडकंतोडकं, निम्मं हातवारे करून सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, पाणी होतं का, तिन्ही नावं घेतलीस का. मग म्हणाले, "ज्ञानस्नानम् दाने!" म्हणजे, तेच की ते! एकदा झाला तो झाला, म्हणाले, पुन्हा द्यायचा नसतो. देणारा देव, तू नाहीस नि मीही नाही.

भाऊजींना सांगितलं तर म्हणतात, "त्यांना मराठी काय कळतंय?" आणि लगेच गावच्या पाळकांना बोलावून घेतलं. "पुन्हा चार थेंब पडले तर काय बिघडतंय? चार लोकांत माझा मान राहील."

नवरा म्हणतो, "अगं, करून टाक ना."

काय बिघडतंय? अहो, पुन्हा केला म्हणजे त्या दुपारी देव आलाच नव्हता असं मी माझ्याच तोंडानं म्हणायचं! मी एकटी बोंबलत होते तेव्हा तोच आला, तुमच्यातलं कुणी नाही आलं. मी चौथीत शाळा सोडली, शब्द चुकला माझा. म्हणून काय देव लेकराला घ्यायच्या आधी आईची परीक्षा घेतो?

रविवारी मराठी प्रार्थनेला सगळे जमले. पाण्याचं भांडं मांडलेलं, गावचे पाळक उभे. भाऊजींनी हात पुढे केले, "आणा इकडे." नवऱ्यानं मागून कोपरानं ढोसलं. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी पोरीला पदराखाली घट्ट धरून दारातच उभी.

सांगा, तुम्ही दिली असती?